फँटसी कादंबरी आणि तिचे मुखपृष्ठ : वाचकांच्या बैठकीत चर्चा कशी करावी

फँटसी कादंबऱ्यांवर बोलायला वाचक जमले की मुखपृष्ठाचा विषय हमखास निघतो, आणि बहुतेक वेळा "छान आहे" किंवा "भडक आहे" एवढ्यावर तो आटोपतो. हे फार मोठे नुकसान आहे. ज्या साहित्यप्रकारात डोंगर, प्राणी, पोशाख, शस्त्रे आणि कधी कधी आकाशातले चंद्रही लेखकाने नव्याने निर्माण केलेले असतात, तिथे ते जग आपल्या आधी कुणीतरी मनात पाहून कागदावर उतरवलेले असते, ही गोष्ट सहज बाजूला टाकण्यासारखी नाही. मुखपृष्ठ हे त्या कादंबरीचे एक वाचनच असते. ते चित्रकाराने केलेले असते, प्रकाशकाने मान्य केलेले असते, आणि पुष्कळदा विक्रीच्या गरजेने त्याला मुरड घातलेली असते. आपले वाचन त्या वाचनाशेजारी ठेवले, तर एकट्याने वाचताना निसटून गेलेल्या कितीतरी जागा चारचौघांत बोलताना सापडतात. या चर्चेसाठी काय तयारी करावी, चित्र कसे पाहावे आणि मतभेद झाले तर त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, हे इथे सांगितले आहे. पुस्तक भिशी असो, ग्रंथालयातला वाचनकट्टा असो किंवा चार मित्रांची महिन्याची बैठक असो, पद्धत तीच चालते.

पुस्तक ठरल्यावर

पुस्तक ठरले की पहिली चौकशी आवृत्तीची करावी. इंग्रजी फँटसीच्या बाबतीत एकाच कादंबरीची ब्रिटिश आणि अमेरिकन मुखपृष्ठे पुष्कळदा वेगळी असतात, जुन्या पेपरबॅकवर तिसरेच चित्र असते, आणि चित्रपट किंवा मालिका आली असेल तर नटनट्यांचे चेहरे असलेली चौथी आवृत्ती दुकानात आलेली असते. सगळे जण आपापल्या प्रतीबद्दल बोलू लागले, तर अर्धा तास कोण कशाबद्दल बोलत आहे हे समजण्यातच जातो. म्हणून प्रत्येकाने आपल्या प्रतीचे प्रकाशक, वर्ष आणि चित्रकाराचे नाव आधी नोंदवून ठेवावे. मराठी पुस्तकांत हे नाव श्रेयपानावर ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे ठळकपणे दिलेले असते. इंग्रजी पुस्तकांत मात्र ते मलपृष्ठाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, किंवा वेष्टनाच्या आत दुमडलेल्या पट्टीवर शोधावे लागते. चित्र एकाचे आणि मांडणी दुसऱ्याची असेल, तर दोन्ही नावे लिहून घ्यावीत, कारण अक्षरे कुठे बसवायची, चित्राचा कोणता भाग कापायचा आणि कोणता झाकायचा हे सहसा मांडणी करणारा ठरवतो. पुस्तकात नाव सापडले नाही, तर ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’ या खुल्या सूचीत शोधावे. वाचकांनीच उभ्या केलेल्या या सूचीत फँटसी आणि विज्ञानकथांच्या आवृत्त्या चित्रकारांच्या नावांसह नोंदवलेल्या आहेत.

शक्य असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन तरी वेगळ्या आवृत्त्या बैठकीत हातात असाव्यात. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी इंग्रजी पेपरबॅक चाळण्याची सवय असलेल्यांना हे अवघड नाही. ज्यांना प्रत्यक्ष प्रत मिळत नाही त्यांनी चित्र मोठ्या पडद्यावर दाखवण्याची सोय करावी. मोबाइलवरच्या अंगठ्याएवढ्या चित्रात केवळ रंगाचा डाग आणि शीर्षक दिसते, आणि ई-वाचकाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तर रंगही दिसत नाही.

दुसरी तयारी याहून महत्त्वाची आहे आणि ती वाचनाला सुरुवात करण्यापूर्वीच करावी लागते. पुस्तक उघडण्याआधी प्रत्येकाने मुखपृष्ठाकडे दोन-तीन मिनिटे पाहावे आणि त्यावरून वाटणाऱ्या अपेक्षा चार ओळींत लिहून ठेवाव्यात. हे जग कोणत्या काळासारखे असेल, गोष्ट युद्धाची असेल की प्रवासाची, नायक कोण असेल, भीती वाटेल की गंमत, एवढे पुरे. पाठराखणीचा मजकूर त्या वेळी वाचू नये, कारण तो वाचला की अपेक्षा चित्राची राहत नाही, जाहिरातीची होते. कादंबरी संपल्यावर ही चिठ्ठी काढून वाचली की बैठकीला आपोआप सुरुवात होते. ज्याची अपेक्षा पूर्ण चुकली त्यालाच आधी बोलू द्यावे. त्याच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते.

चित्र पाहण्याची रीत

चित्रावर मत देण्याआधी चित्रात काय आहे हे शब्दांत सांगण्याची शिस्त लावून घ्यावी. एकाने चित्र पाहून वर्णन करावे आणि बाकीच्यांनी काय सुटले ते भरून काढावे. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे वळला, अग्रभागी काय आहे, दूर काय आहे, प्रकाश कुठून येतो, माणूस चित्राच्या मानाने केवढा आहे, अक्षरांचे वळण कसे आहे, हे सगळे यात येते. नवख्या सभासदाला हे प्रश्न शाळेतल्यासारखे वाटतील, पण पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा गुण दिसून येतो.

उदाहरण म्हणून १९३७ साली लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविन या संस्थेने काढलेल्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीचे वेष्टन घ्यावे. ते जे. आर. आर. टोल्किन यांनी स्वतःच काढले होते. पुढून मागेपर्यंत सलग पसरलेले हे चित्र आहे. टोकदार हिमाच्छादित शिखरांची रांग, त्यांच्या पायथ्याशी दाट काळोखे अरण्य, आणि त्या झाडांमधून डोंगरांकडे जाणारी एक वाट. एका बाजूला सूर्य आहे, दुसऱ्या बाजूला चंद्र आहे, आकाशात ड्रॅगन आणि गरुड आहेत. रंग मोजकेच, हिरवा, निळा आणि काळा, आणि पांढरेपणा कागदाचाच. चौकटीभोवती रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतली अक्षरे फिरवली आहेत आणि ती केवळ नक्षी नाही. चिकाटीने अक्षर लावत गेले तर त्यांतून पुस्तकाचे नाव, ही कथानायक बिल्बोच्या वर्षभराच्या प्रवासाची हकीकत असल्याची नोंद आणि लेखक-प्रकाशकांची नावे वाचता येतात.

आता वर्णन पूर्ण झाल्यावर गटाला एकच प्रश्न विचारावा. या चित्रात कोण नाही? नायक नाही. बिल्बो नाही, तेरा बुटके नाहीत, जादूगार नाही. चित्रात प्रवासाची वाट आहे आणि प्रवासी नाही, त्यामुळे त्या वाटेवर आपणच उभे आहोत असे वाटते. या एका निरीक्षणावरून चर्चा थेट कादंबरीत शिरते, कारण घर सोडून निघायला तयार नसलेल्या माणसाला वाटेला लावण्याचीच ती गोष्ट आहे. इथेच आणखी एक तपशील सांगावा. टोल्किन यांना सूर्यासाठी आणि ड्रॅगनसाठी लाल रंग हवा होता, पण छपाईचा खर्च वाढतो म्हणून प्रकाशकांनी तो वगळला. मुखपृष्ठावर जे दिसते त्यातले काही कल्पनेतून आलेले असते आणि काही हिशेबातून, हे समजायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

वर्णन करताना आपल्या डोळ्यांवर आधीच कोणती चित्रे बसलेली आहेत हेही बोलून दाखवावे. मराठीत १९५२ साली सुरू झालेल्या ‘चांदोबा’वर ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या मनात अद्भुत कथा म्हटले की शंकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचे चित्र उभे राहते. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातून निघालेला विक्रम राजा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोमंतकीय चित्रकारांनी मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे रंगवून दोन पिढ्यांची नजर घडवली. अशा नजरेला उत्तर युरोपातले धुके, राखाडी आकाश आणि अंगभर चिलखत सुरुवातीला कोरडे वाटते, तर अमेरिकन पेपरबॅकवरचे तेजस्वी रंग ओळखीचे वाटतात. ही आवड-नावड चुकीची नाही. मात्र ती कुठून आली हे माहीत असले, की "चित्र वाईट आहे" असे म्हणण्याआधी माणूस थांबतो.

चित्र आणि मजकूर जुळत नाहीत तेव्हा

फँटसीच्या वाचकांना चुका काढायला मनापासून आवडते, आणि या आवडीचा उपयोग करून घ्यावा. नायकाचे केस काळे असताना चित्रात सोनेरी का, तलवार डाव्या हातात का, हा प्रसंग तर पुस्तकात कुठेच नाही, अशा तक्रारी प्रत्येक बैठकीत येतात. त्या थांबवू नयेत, पण प्रत्येक तक्रारीबरोबर पुस्तकातले पान दाखवण्याची अट घालावी. पुष्कळदा असे होते की तक्रार करणारा पान शोधायला जातो आणि ते वर्णन पुस्तकात नव्हतेच, आपणच मनाने भरले होते, हे त्याच्या लक्षात येते.

या बाबतीत टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतल्या पहिल्या कादंबरीचे उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. ‘द कलर ऑफ मॅजिक’च्या कॉर्गी प्रकाशनाने १९८५ साली काढलेल्या पेपरबॅकचे चित्र जॉश कर्बी यांनी काढले. त्यात टूफ्लॉवर नावाच्या पर्यटकाच्या चेहऱ्यावर खरोखरचे चार डोळे आहेत. कादंबरीत त्याला चार डोळे असल्याचे म्हटले आहे खरे, पण अभिप्रेत आहे तो चष्मा, जो त्या शहरातल्या लोकांनी कधी पाहिलेला नाही. वरवर पाहता ही चित्रकाराची ढोबळ चूक आहे, आणि बहुतेक वाचक हसून पुढे जातात. गटाने इथे थांबावे असे मी सुचवीन. वास्तववादी कादंबरीत कुणाला चार डोळे आहेत असे वाचले तर आपण लगेच लक्षणेने अर्थ घेतो. फँटसीत मात्र तसे करण्याचा हक्क वाचकाला आपोआप मिळत नाही, कारण ज्या जगात चालती पेटी आणि कासवाच्या पाठीवरच्या हत्तींनी तोललेली पृथ्वी आहे, तिथे चार डोळ्यांचा माणूसही असू शकतो. कोणते वाक्य शब्दशः घ्यायचे आणि कोणते नाही, हा प्रश्न या साहित्यप्रकाराच्या मुळाशी आहे, आणि कर्बी यांचे चित्र तो प्रश्न एका चेहऱ्यावर आणून ठेवते. आपल्या गटाने वाचलेल्या कादंबरीत अशी दुहेरी अर्थाची वाक्ये कोणती, ती प्रत्येकाने कशी घेतली, यावर तासभर बोलता येते.

कर्बी २००१ साली वारले. त्यानंतर पॉल किडबी यांनी ‘नाइट वॉच’ या ‘डिस्कवर्ल्ड’मधल्या २००२ सालच्या कादंबरीसाठी डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या त्याच नावाच्या प्रसिद्ध चित्राच्या धर्तीवर मुखपृष्ठ केले आणि मूळ चित्रात रेम्ब्राँ यांनी जिथे स्वतःला दाखवले आहे असे मानतात, त्या जागी कर्बी यांचा चेहरा रंगवला. एका चित्रकाराने दुसऱ्याला वाहिलेली ही आदरांजली मूळ चित्र शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून मुखपृष्ठात जुन्या चित्राचा भास झाला, तर ते चित्र शोधून बैठकीत आणावे.

चूक सापडल्यावर दोष कुणाचा हेही घाईने ठरवू नये. १९६५ साली अमेरिकेत बॅलंटाइन प्रकाशनाने ‘द हॉबिट’ पेपरबॅकमध्ये आणली, तेव्हा बार्बरा रेमिंग्टन यांच्या चित्रात एक सिंह, एमूसारखे पक्षी आणि गुलाबी गोळ्यांचे झाड होते. टोल्किन चांगलेच संतापले. या चित्राचा गोष्टीशी संबंध काय, असे त्यांनी आपल्या प्रकाशकाला पत्रातून विचारले, आणि पुढच्या छपाईतून सिंह गेला. पण रेमिंग्टन यांना चित्र काढण्याआधी पुस्तक वाचायलाच मिळाले नव्हते. दुसऱ्या एका प्रकाशकाने टोल्किन यांच्या परवानगीशिवाय ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या स्वस्त प्रती बाजारात आणल्या होत्या आणि बॅलंटाइनला आपली अधिकृत आवृत्ती तातडीने काढायची होती. शिवाय रेमिंग्टन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन खंडांसाठी केलेले, एकमेकांना जोडले जाणारे चित्र पोस्टरच्या रूपाने त्या काळच्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या भिंतींवर लागले. लेखकाला न पटलेले चित्र हजारो वाचकांचे त्या जगाचे पहिले दर्शन ठरले. कुणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, यावर गटात दोन तट पडतील, आणि ते पडू द्यावेत. माझे मत विचाराल तर, चित्र कथेशी प्रामाणिक नव्हते, पण त्यातले अपरिचित, थोडे भोवंडून टाकणारे वातावरण पुस्तकाला परके नव्हते.

चित्रात कोण दिसतो आणि कसा दिसतो

हा भाग नाजूक आहे, म्हणून तो बैठकीच्या मध्यावर, सगळे मोकळे झाल्यावर घ्यावा, आणि त्याला भरपूर वेळ द्यावा.

अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली आली. तिचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच त्याहून पुष्कळ सावळा, जवळजवळ काळा आहे, आणि गोऱ्या कातडीचे लोक म्हणजे बाहेरून येऊन गावे लुटणारे कार्ग. ले ग्विन यांनी हे मुद्दाम केले, पण त्याचा गाजावाजा केला नाही. वर्णाचे उल्लेख त्यांनी कथेच्या ओघात, एकेका वाक्यात, हलक्या हाताने पेरले, म्हणजे वाचक गेडमध्ये पुरता गुंतल्यावर त्याला तो कसा दिसतो हे कळावे. पहिल्या आवृत्तीचे रूथ रॉबिन्स यांचे मुखपृष्ठ या वर्णनाला धरून होते. पुढे मात्र अनेक वर्षे, अनेक आवृत्त्यांवर गेड गोरा दिसत राहिला. लेखिकेने याविरुद्ध वारंवार लिहिले आणि प्रकाशकांशी भांडणही केले. २००४ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच घडले तेव्हा त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. २०१८ साली, पहिल्या कादंबरीला पन्नास वर्षे होत असताना, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळ्या अर्थसी कथांचा एकत्रित ग्रंथ निघाला. त्याची चित्रे व्हेस यांनी काही वर्षे ले ग्विन यांच्याशी सल्लामसलत करत काढली होती. त्या वर्षाच्या जानेवारीतच ले ग्विन यांचे निधन झाले.

ही कादंबरी चर्चेला घेतली असेल तर वाचताना प्रत्येकाने वर्णाचा उल्लेख असलेल्या ओळींना पेन्सिलीने खूण करावी. बैठकीत त्या ओळी क्रमाने मोठ्याने वाचाव्यात आणि मग प्रत्येकाला विचारावे की तुमच्या मनातला गेड पहिल्या प्रकरणात कसा होता आणि कोणत्या पानावर तो बदलला. इथे प्रामाणिक उत्तर देणे सोपे नसते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या गटातही पुष्कळांच्या मनात गेड गोराच असतो, आणि त्याचे कारण केवळ अमेरिकन मुखपृष्ठ नसते. लग्नाच्या जाहिरातींपासून कॅलेंडरवरच्या देवांपर्यंत गोऱ्या रंगाचे जे कौतुक आपल्याकडे चालते, ते आपल्या कल्पनेतही शिरलेले असते. म्हणून परदेशी प्रकाशकाकडे बोट दाखवून हा विषय संपवू नये.

भारतीय उदाहरण हवे असेल तर अमीश त्रिपाठी यांच्या २०१० साली आलेल्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’चे मुखपृष्ठ पाहावे. रश्मी पुसाळकर यांनी केलेल्या त्या मुखपृष्ठावर शिव पाठमोरा आहे आणि त्याच्या पाठीवर लढाईतल्या जखमांच्या खुणा आहेत. चेहरा न दाखवल्यामुळे देव्हाऱ्यातल्या शिवाची प्रतिमा आणि कादंबरीतला माणूस यांची टक्कर टळते, आणि खुणांमुळे हा देव नसून योद्धा आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. ज्या वाचकांना पुराणातल्या व्यक्तिरेखांची फँटसी रुचत नाही, त्यांच्याशी बोलताना या मुखपृष्ठापासून सुरुवात केली तर वाद लवकर चढत नाही.

स्त्रियांच्या चित्रणाबाबत एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. चित्रातली योद्धा स्त्री जशी उभी आहे तसे उभे राहून पाहावे. जिम सी. हाइन्स या अमेरिकन फँटसी लेखकाने २०१२ साली मुखपृष्ठांवरच्या स्त्रियांच्या अवस्थेत स्वतः उभे राहून छायाचित्रे काढली, आणि पाठीला इतका पीळ देऊन तलवार चालवणे तर सोडाच, तोल सांभाळणेही कठीण आहे हे सगळ्यांना दिसले. बैठकीत कुणावर याची सक्ती करू नये. शस्त्राची पकड, पायातले अंतर आणि अंगावरचे चिलखत कोणता भाग झाकते, एवढे शब्दांत सांगितले तरी पुरते. त्यानंतर ती स्त्री कादंबरीत काय करते आणि चित्रात तिला काय करायला लावले आहे, यांची तुलना करावी.

कोणासाठी काढलेले चित्र

मुखपृष्ठ कुणाला हाक मारते, हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावा. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाचे १९९७ सालचे ब्रिटिश मुखपृष्ठ थॉमस टेलर यांनी मुलांना समोर ठेवून केले होते. पुढच्याच वर्षी त्याच मजकुराला आगगाडीचे काळे-पांढरे छायाचित्र लावून प्रौढांसाठी वेगळी आवृत्ती काढण्यात आली. आत एक शब्दही बदललेला नव्हता. अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या की बाजाराचे गणित कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टेलर यांच्या मलपृष्ठावर एक जादूगारही होता, पण तो कथेतला कुणीच नव्हता. वाचक त्याच्याविषयी विचारू लागले आणि पुढच्या छपायांमध्ये तिथे कथेतला जादूगार डंबलडोर आला.

चित्रपटाच्या आवृत्त्यांबद्दल फार वेळ घालवू नये. कुणी आधी चित्रपट पाहिला आणि कुणी आधी वाचले, एवढे सुरुवातीला हात वर करून जाणून घ्यावे, कारण नटाचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की मुखपृष्ठाचे काम तिथेच थांबते. मालिकेच्या मध्येच चित्रशैली बदलली म्हणून कपाटातली ओळ बिघडल्याची तक्रारही थोडक्यात ऐकून घ्यावी. तीही खरी आहे, पण तिच्यातून कादंबरीबद्दल फारसे काही निघत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांचा प्रश्न मात्र टाळू नये. २०२३ साली एका गाजलेल्या फँटसी कादंबरीच्या ब्रिटिश पेपरबॅकवरचे लांडग्याचे चित्र अशा प्रकारे तयार झालेले असल्याचे उघड झाले. श्रेयपानावर चित्रकाराऐवजी चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळाचे नाव होते, त्यावरून वाचकांनी माग काढला. चित्रकाराचे नाव शोधण्याची जी सवय सुरुवातीला सांगितली, तिचा हाही उपयोग आहे. चित्राच्या मागे माणूस नसेल, तर ‘त्याने हे पुस्तक कसे वाचले असेल’ हा आपल्या चर्चेचा कणाच नाहीसा होतो, आणि म्हणूनच मला अशी चित्रे फँटसीच्या पुस्तकांवर नकोशी वाटतात.

बैठक चालवताना

कथा किती उघड करायची हे आधी ठरवावे. अनेक खंडांच्या मालिकेत सगळ्यांनी वाचलेल्या शेवटच्या प्रकरणाची मर्यादा घालावी, आणि पुढच्या खंडांची मुखपृष्ठे बैठकीत दाखवू नयेत. कोण जिवंत राहिले आणि कोण राजा झाले हे पुढच्या खंडाच्या चित्रावरून सहज कळते, याचा आयोजकाला बहुधा विसर पडतो.

कुणी "बटबटीत आहे" म्हटले तर त्याला अडवू नये, पण विचारावे, "कशामुळे वाटते तुम्हाला तसे? रंगांमुळे, गर्दीमुळे की शीर्षकाच्या अक्षरांमुळे?" उत्तर आले की चर्चेला धरण्यासारखे काहीतरी मिळते. वयाने मोठ्या सभासदांपैकी कुणी "ही तर मुलांची पुस्तके" असे म्हणाले, तर प्रतिवाद करण्याऐवजी त्यांना विचारावे, "काका, चित्रातले नेमके काय पाहून तुम्हाला तसे वाटले?" त्यांचे निरीक्षण पुष्कळदा अचूक असते, कारण ते चित्र खरोखरच मुलांसाठी काढलेले असते आणि मजकूर तसा नसतो. मुखपृष्ठासाठी लेखकाला जबाबदार धरू नये, कारण बहुतेक लेखकांना चित्रावर शेवटचा शब्द नसतो. चित्रकाराबद्दल बोलताना तो समोर बसला आहे असे समजून बोलावे. कठोर बोलायला हरकत नाही, मात्र ते चित्राविषयी असावे.

शेवटचा अर्धा तास गटाने स्वतःचे मुखपृष्ठ ठरवण्यासाठी राखून ठेवावा. चित्र काढता येणे आवश्यक नाही. चित्रकाराला प्रकाशक देतो तशी अर्ध्या पानाची सूचना लिहायची आहे. कोणता प्रसंग घ्यावा, तो कोणत्या पानावर आहे, कोण दिसावे, काय अजिबात दाखवू नये, मुख्य रंग कोणते, शीर्षक कुठे असावे, आणि हे पुस्तक कुणाच्या हातात जावे. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात आणि आवडीनिवडी न जुळणारे वाचक मुद्दाम एकत्र बसवावेत. सूचना वाचून दाखवल्यावर प्रत्येक जोडीने ‘काय दाखवू नये’ या भागाचे कारण सांगावे, कारण कादंबरीतली कोणती गोष्ट वाचकाने स्वतःच पाहायला हवी याबद्दलचे त्यांचे मत तिथे उमटते. गटात कुणी चित्र काढणारे असेल, तर त्याने यातली एक सूचना निवडून पुढच्या बैठकीपर्यंत कच्चे रेखाटन करून आणावे. सूचना लिहिणाऱ्या जोडीने मधल्या काळात त्याला तोंडी काहीही समजावून सांगू नये, त्याच्याकडे फक्त ते अर्धे पान आणि कादंबरी असावी.